आयर्लंडची सरकारी दप्तरं: एका निवृत्त तलाठ्याचा अभिप्राय

चौतीस वर्षं कोरेगाव तालुक्यात तलाठी म्हणून काढली, त्यामुळे जुनं दप्तर दिसलं की हात शिवशिवतात. गेल्या हिवाळ्यात (म्हणजे आपला जून-जुलै) मुलीकडे मेलबर्नला होतो. जावई तिथलाच, पण मूळ घराणं आयर्लंडचं. त्याच्याकडे माहिती एवढीच, की खापरपणजोबा क्लेअर परगण्यातून आले. तालुका नाही, गाव नाही. मी म्हटलं, बापू, गाव माहीत नसलेला खातेदार सापडायचा कसा? बस इथं.

आधी त्यानं एका पैसे घेणाऱ्या संकेतस्थळाला कार्ड नंबर देऊन ठेवला होता. चौदा दिवस फुकट, पंधराव्या दिवशी खात्यातून वर्षाची रक्कम गायब. आणि मिळालं काय, तर दुसऱ्याच कुणाची तरी वंशावळ, त्यात आईपेक्षा मुलगा चार वर्षांनी मोठा! नाव लिहीत नाही. पण कार्ड काढण्याआधी खालचं वाचा.

पहिलं काम आयर्लंडात नाही, जिथं माणूस मेला तिथं. व्हिक्टोरिया राज्याच्या मृत्यू दाखल्यावर आईबापाची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्मठिकाण आणि वसाहतीत किती वर्षं काढली हेसुद्धा लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या दाखल्यावर एवढं कधी पाहिलं नाही. मृत्यू दाखल्यावर नुसतं ‘क्लेअर’ होतं. लग्नाच्या दाखल्यानं ‘किलरश’ हे गावाचं नाव दिलं आणि दोरी हाती लागली.

मग आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई. सरकारी, पूर्ण फुकट. आयर्लंडात सगळ्यांची जन्म-मृत्यू-विवाह नोंद १८६४ पासून सुरू झाली (कॅथलिक सोडून इतरांच्या लग्नांची १८४५ पासून), आणि इथं नुसती यादी नाही, मूळ रजिस्टरच्या पानाचं चित्र उघडतं. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं पंचाहत्तर, मृत्यू पन्नास वर्षांपूर्वीचे. किलरश विभागात जवळपासच्या सालांत एकाच नाव-आडनावाची तीन पोरं निघाली. पण प्रत्येक जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, त्यावरून १८६६ चा आमचा गडी ओळखला. बाईचं माहेर कागदावर आलं की अर्धे वाद मिटतात, हे मी नोकरीभर सांगत आलो.

चर्चची रजिस्टरं वेगळीकडे, डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर. तीही २०१५ पासून फुकट, बहुतेक साधारण १८८० पर्यंतची. तिथं नावानं शोधता येत नाही, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) माहीत हवी आणि पानं उलटत बसायचं. लॅटिनमध्ये जॉनचा जोहान्नेस, जेम्सचा जाकोबुस होतो. दोन संध्याकाळी गेल्या. बाप्तिस्मा मार्चच्या सुरुवातीचा आणि सरकारी जन्मतारीख त्यानंतर तीन आठवड्यांनी! बारसं आधी, जन्म मागाहून. जावई चक्रावला. मी हसलो. नोंदीची मुदत उलटली की दंड बसायचा, म्हणून तारीख पुढं सरकवायची. माणूस सगळीकडे सारखाच.

जनगणना तर बघाच. १९०१ आणि १९११ ची घरोघरची पत्रकं नॅशनल आर्काइव्हजवर फुकट आहेत. घराला गवताचं छप्पर की कौल-पत्रा, खोल्या किती, समोर खिडक्या किती, आयरिश भाषा येते का, लिहिता-वाचता येतं का. त्या गड्याची आई १९०१ मध्ये अठ्ठावन्न वर्षांची आणि १९११ मध्ये एकदम त्र्याहत्तर. मधल्या काळात, १९०९ पासून, सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन मिळू लागलं होतं. संजय गांधी योजनेचे अर्ज तपासलेल्या माणसाला यापुढं काही समजावून सांगायला नको.

त्याआधीच्या जनगणना मात्र नाहीतच म्हणा. १८२१ ते १८५१ ची पत्रकं ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेख कार्यालयाबरोबर जवळजवळ सगळी जळाली. १८६१ आणि १८७१ ची त्याआधीच सरकारनं नष्ट केली होती, १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात लगद्यात गेली. हे वाचून मी उठून चहा टाकला.

ती पोकळी भरून निघते ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या मोजणीनं, आणि इथं मी जावयाला बाजूला सरकवून खुर्ची घेतली. १८४७ ते १८६४ या काळात अख्ख्या देशाची करआकारणी झाली: कब्जेदार, जमीनमालक, वर्णन, क्षेत्र, आकार. अहो, सातबाराच की! नकाशावर गटनंबरही. टाउनलँड म्हणजे आपली वाडी समजा. देशात ६०,००० च्या वर आहेत, आणि एकच नाव दहा ठिकाणी. नावांतला ‘किल’ म्हणजे चर्च, ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘बॅली’ म्हणजे वस्ती. गड्याच्या आजोबाच्या नावे ११ एकर ३ रूड २० पर्च. चाळीस पर्चचा एक रूड, चार रूडचा एकर. हिशेब केला तर ११ एकर ३५ गुंठे. मालकाच्या रकान्यात अर्थात दुसराच कुणी. क्लेअरच्या ग्रंथालयानं आपल्या परगण्याची ही यादी टंकून वेगळी ठेवली आहे, ती वाचायला जास्त सोपी.

साडेचार तारे. अर्धा यासाठी कापला, की आयरिशजीनिऑलॉजीवर चर्चच्या नोंदी मोजक्याच भागांच्या आहेत, डब्लिन, केरी, कार्लो, कॉर्कचा काही भाग. क्लेअरवाल्यांना दुसरं दार ठोठवावं लागतं.

आता राहिलाय फेरफार. ग्रिफिथनंतर कब्जेदार बदलला की जुनं नाव खोडून नवं वेगळ्या रंगाच्या शाईनं लिहायचे, बाजूला साल. अशा वह्या डब्लिनला आहेत. जावई पुढच्या वर्षी जाणार आहे. त्याला बजावलंय, फोटो रंगीत काढ, आणि खोडलेली नावं वाचता येतील असे काढ.