व्हील बेअरिंग घरी बदलायचं : पुलर किट की स्टीअरिंग नकल काढून प्रेसवर?

पुढच्या चाकातून घूंऽऽ आवाज येतोय, स्पीडबरोबर वाढतोय, डावीकडे वळताना जास्त येतो म्हणजे बहुतेक उजवं बेअरिंग गेलंय, इथपर्यंत तुम्ही आलाच असाल असं धरतो. ज्यांच्या गाडीला बोल्टवर बसणारी तयार हब युनिट आहे (हब म्हणजे ज्याच्यावर चाक बसतं तो भाग) त्यांना हा प्रश्नच नाही, सोडवा आणि नवीन लावा. पण आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना पुढचं बेअरिंग नकलमध्ये (चाकामागचा लोखंडी भाग, जो स्टीअरिंगबरोबर वळतो) जोराने दाबून, म्हणजे प्रेस करून, बसवलेलं असतं आणि खरी गोची तिथे आहे.

दोन रस्ते आहेत. एक, पुलर किट (स्क्रू आणि कपांच्या जोरावर बेअरिंग ओढणारं हत्यार) आणायचं आणि नकल गाडीलाच ठेवून बेअरिंग ओढायचं. दुसरा, अख्खं नकल सोडवून जवळच्या लेथवाल्याकडे न्यायचं आणि त्याच्या हायड्रॉलिक प्रेसवर काम करून आणायचं. मी दोन्ही करून बघितलंय.

पुलरची बाजू आधी सांगतो कारण ती खरंच चांगली आहे. बॉल जॉइंट (नकलला खालच्या आर्मशी जोडणारा सांधा) काही गाड्यांत सोडवावा लागत नाही त्यामुळे त्याचा रबर बूट फाटायची भीती नाही, स्ट्रटच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खांबाच्या) बोल्टला हात नाही म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) हलत नाही, आणि पार्किंगमधून कुठे जायचं नाही. ऐकायला एकदम मस्त.

पण हब ओढून बाहेर काढला की जुन्या बेअरिंगची आतली रेस (रेस म्हणजे बॉल्स ज्यावर फिरतात ती कडी; इथे चाकाच्या बाजूची) बऱ्याचदा हबवरच घट्ट बसून येते आणि बेअरिंगचा बाकी भाग नकलमध्ये राहतो. ही रेस म्हणजे डोक्याला ताप. किटमधल्या पुलरला तिच्या मागे पकडायला जागाच मिळत नाही, मग ग्राइंडरने खाच पाडा, छिन्नीने फोडा, आणि ते करताना ग्राइंडर जरा जरी खोल गेला तर हबच्या गुळगुळीत शाफ्टवर ओरखडा, ज्याच्यावर उद्या नवीन बेअरिंग बसणार आहे. मला तो धोका नको वाटतो, म्हणून हब घेऊन शेवटी लेथवाल्याकडेच जावं लागतं, आणि जायचंच आहे तर नकलच का नेऊ नये? माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

नकल काढायला वेळ जास्त लागतो हे मान्य. स्ट्रटचे दोन बोल्ट सोडवायच्या आधी त्यांच्या जागेवर रंगाने खूण करा, तरीही नंतर अलाइनमेंट बघून घ्यावंच लागतं, तो खर्च धरा. टाय रॉडचा (स्टीअरिंगकडून नकलला येणारा दांडा) फक्त एंड सोडवायचा, लॉक नटला हात लावू नका म्हणजे टो (चाकाची आत-बाहेर दिशा) बदलत नाही.

लेथवाल्याकडे मात्र नकल टेकवून चहा प्यायला जाऊ नका, शेजारी उभे रहा. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर यायला हवा, आणि नंतर हब दाबताना आतल्या रेसला खालून आधार हवा. तो नसेल तर सगळा जोर बॉल्समधून जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग थोड्याच दिवसांत परत आवाज करायला लागतं. चांगला कारागीर जुन्या बेअरिंगच्या बाहेरच्या रेसलाच चीर पाडून दाबायला वापरतो, ती मापात बसते आणि चीर असल्यामुळे काढायला अडकत नाही. सर्कलिप (बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची रिंग) खोबणीत नीट बसलीय का ते बोटाने फिरवून बघा. एबीएस असेल आणि बेअरिंगच्या सीलमध्ये मॅग्नेटची रिंग असेल तर ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी, उलटी बसली तर दिवा लागलेलाच राहणार आणि सगळं परत उघडा.

एक्सल नट (हबच्या मध्यभागी एक्सलच्या टोकावर असतो तो) नवीनच घ्या आणि तो पूर्ण टॉर्कला बसेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टाकू नका, हे दोन्ही रस्त्यांना लागू.

जवळपास प्रेसच नसेल किंवा स्ट्रटचे बोल्ट गंजून जाम झाले असतील (कोकणातल्या आणि मुंबईच्या समुद्राजवळच्या गाड्यांना हे नेहमीचं) तर पुलर घ्या, काही हरकत नाही. फक्त घेताना कपांची मापं तुमच्या बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासाशी ताडून बघा, आणि नवीन बेअरिंग ओढताना पुलरच्या स्क्रूचे पहिले काही आटे हातानेच फिरवा, तिरकं जातंय असं वाटलं तर लगेच मागे घ्या.