आठ महिने कानात हेडसेट: 'पेनल्टी नाही' म्हणायचं आम्ही का सोडलं

गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघा फुटबॉल पंचांनी वर्गणी काढून हेडसेटचा संच घेतला. माझ्या बऱ्याच सामन्यांचं मानधन त्यात गेलं, म्हणून हंगाम संपल्यावर खरं-खोटं लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दामच टाळलंय. या किमतीतले संच आतून सगळे सारखेच असावेत, असं माझं मत झालंय.

तीन नगांत भागवावं का, यावर आधी वाद झाला. चौथ्या पंचाला कशाला, तो तर बाकावरच्या लोकांना आवरत उभा असतो! मी 2006चा विश्वचषक काढला. बर्लिनच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदाननं इटलीच्या माटेराझ्झीच्या छातीत डोकं हाणलं, ते मुख्य पंच एलिझोन्डो यांनी पाहिलंच नव्हतं. चौथे पंच मेदिना कांतालेहो यांनी कानात सांगितलं, तेव्हा लाल कार्ड निघालं. वाद मिटला, चार नग आले. चौथ्याच्या माइकमधून दोन्ही प्रशिक्षकांची प्रवचनं आम्हाला फुकट ऐकू येतील, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आता तो बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद ठेवतो.

आवाजाबद्दल तक्रार नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचा सामना असला की गॅलरीच्या गलक्यात शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. तिथंही पलीकडच्या लाइनमनचा शब्द पोचतो. खोक्यावर किलोमीटरभराची रेंज लिहिलीय. आपलं मैदान शंभर-एकशेदहा मीटरचं, त्यामुळे ती खरी की खोटी याच्या वाटेला गेलो नाही. इअरपीस मात्र घामानं निसटतो. चिकटपट्टी लावूनच उतरायचं.

खरी गोची वेगळीच निघाली. फेब्रुवारीत एका स्पर्धेत लाइनमनच्या बाजूनं फॉरवर्ड आत घुसला आणि डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनाच्या, अगदी रेषेजवळ बॅकनं त्याला पाडलं. माझ्यासमोर तिघांच्या पाठी. फाउल नक्की होता. आत की बाहेर, ते दिसलं नाही. लाइनमन बोलला, "सर, पेनल्टी नाही, बाहेर." मला ऐकू आलं, "पेनल्टी". पुढचं सगळं गॅलरीनं गिळलं. मी शिट्टी मारून पेनल्टी स्पॉटकडे बोट केलं.

मग त्याच्याकडे पाहिलं, तर गडी कॉर्नरच्या झेंड्याकडे जायचं सोडून मध्यरेषेकडे पळतोय. जुन्या शिकवणीप्रमाणे मध्यरेषेकडे पळाला तर फाउल बाहेर, कॉर्नरकडे गेला तर आत. खेळ पुन्हा सुरू झालेला नव्हता, म्हणून निर्णय फिरवता आला. रेषेबाहेर डायरेक्ट फ्री किक दिली आणि पुढची दोन-तीन मिनिटं शिव्या खाल्ल्या. हेडसेट नसता तर मी आधी त्याच्याकडे पाहिलं असतं, मग शिट्टी मारली असती. कानात आवाज येतो म्हटल्यावर मान वळवायचा आळस अंगात शिरला होता.

त्या रात्री चहावर बसून आम्ही आमची बोली ठरवली. मराठीत 'नाही' शेवटी येतं आणि गोंगाटात नेमकं शेवटचंच बुडतं. म्हणून 'पेनल्टी' हा शब्द पेनल्टी असेल तरच उच्चारायचा. नसेल तर "बाहेर, बाहेर, बाहेर". साधी नाटकबाजी असेल तर "खेळ". सुरुवातीचीही एक खोड आहे: बोलल्यावर आपोआप सुरू होणारा माइक पहिलं अक्षर खातो. त्यामुळे आधी "सर, सर" म्हणायचं; मान राहतो आणि माइकही जागा होतो.

रंगांचाही घोळ झाला होता. "लाल चार" म्हणजे लाल जर्सीतला चार नंबर, की चार नंबरला लाल कार्ड? आता जर्सीचा रंग घ्यायचाच नाही. "घरचे चार, कार्ड पिवळं." घरचे म्हणजे वेळापत्रकात आधी नाव असलेला संघ.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो प्रत्यक्ष पेनल्टी मारताना. लाइनमन गोलरेषा आणि डीची रेषा मिळते तिथं उभा राहतो. चेंडू रेषेपार गेला का आणि गोलकीपरनं आधीच रेषा सोडली का, ते त्याच्याकडे. डीत आधी घुसणारे माझ्याकडे. पूर्वी गोलकीपरनं अडवल्यावर झेंडा दिसेपर्यंत निम्मा संघ नाचायला लागायचा. आता कानात "पाय" (म्हणजे गोलकीपरनं रेषा आधीच सोडली) एवढंच येतं आणि शिट्टी लगेच वाजते. झेंडा तरीही वर करायला लावतो. खेळाडूंना कानातलं ऐकू येत नाही ना.

बॅटरी हे दुखणं आहे. पहिले दोन महिने दोन सामने आरामात निघायचे. मे महिन्यात दुसऱ्या सामन्याच्या मध्यंतरानंतर एकेक नग माना टाकू लागला. वळवाच्या पावसात एक नग भिजला, तो तांदळाच्या डब्यात ठेवूनही नीट झाला नाही. त्यातून आता फक्त ऐकू येतं, बोलता येत नाही. तो मी स्वतः वापरत नाही, एवढं शहाणपण आलंय.

पुढच्या हंगामाआधी बॅटऱ्या बदलायच्यात. वर्गणीचा विषय अजून कुणी काढलेला नाही.