केंब्रिज डिक्शनरीचा व्याकरण विभाग : ‘मेड ऑफ’ की ‘मेड फ्रॉम’?

केंब्रिज डिक्शनरीच्या संकेतस्थळावरील विनामूल्य व्याकरण विभागात, ‘मेड’ या कर्मणी रूपापुढे ‘ऑफ’, ‘फ्रॉम’, ‘आउट ऑफ’ आणि ‘विथ’ केव्हा योजावे हे समजावणारे एक स्वतंत्र पान असून, इंग्रजी शिकणाऱ्याने ते अवश्य वाचावे असे मी मनापासून सुचवेन. वस्तू कोणत्या पदार्थाची आहे एवढेच सांगायचे असेल तर ‘ऑफ’ आणि ती कशापासून तयार झाली हे सांगायचे असेल तर ‘फ्रॉम’, हा भेद तिथे नेमका मांडला आहे. मराठीतही आपण ‘लाकडाचे टेबल’ म्हणतो, पण कागद मात्र ‘लाकडापासून’ बनतो. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हा नियम घोकावा लागत नाही, फक्त तो दाखवून द्यावा लागतो. जुन्या साडीची गोधडी शिवली तर ‘आउट ऑफ’ शोभते, आणि पुरणात हरभऱ्याची डाळ व गूळ आहे हे सांगताना ‘विथ’ चालते.

विवेचन फारच थोडक्यात आहे, आणि काही वाक्यांत ‘ऑफ’ व ‘फ्रॉम’ दोन्ही चालतात, याची जाणीव शिक्षकाने आवर्जून करून द्यावी. कर्ता सांगणारे ‘मेड बाय’ आणि देश सांगणारे ‘मेड इन’ यांचाही सराव सोबतच घ्यावा.