कोस्ट गार्ड : नाविक जीडी की यांत्रिक? आमच्या बेळगावकडच्या पोरांसाठी

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की आमच्या घरी चहाची साखर संपते. कुणी ना कुणी पोराला घेऊन येतंयच, काका याला सांगा जरा, पीयूसी सायन्सला घालू की डिप्लोमाला. मी वीस वर्षं कोस्ट गार्डात यांत्रिक, म्हणजे जहाजाच्या इंजिनवर होतो. पीयूसी केली तर तिथं नाविक जीडी (जनरल ड्युटी) होता येतं, डिप्लोमा केला तर यांत्रिक, म्हणून मला विचारतात. यंदा तर माझा सख्खा भाचाच आला, त्यामुळं एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी एक सांगतो. आमच्या बेळगावात फौजी म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्री, ते सेंटर गावातच, आणि एअरफोर्स म्हटलं की सांबरा. समुद्राचा विचार कुणी करतच नाही, गोवा तीन-चार तासांवर असून. 2022 ला अग्निपथ (चार वर्षांची भरती) आलं ते आर्मी, नेव्ही, एअरफोर्स तिघांना. कोस्ट गार्ड त्यात नाही, तिथं अजून पूर्वीसारखी कायमच्या नोकरीची भरती होतेय, म्हणून अलीकडं पोरं विचारायला लागलीत.

वयोमर्यादा, उंची, 1.6 किलोमीटर सात मिनिटांत वगैरे सगळं जाहिरातीत असतं, ते मी लिहीत नाही. थोडक्यात एवढंच की जीडीला बारावी म्हणजे आपली पीयूसी, मॅथ्स-फिजिक्स घेऊन, आणि यांत्रिकला दहावीवर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. तिसरी डीबी, डोमेस्टिक ब्रँच, दहावीवर, कुक आणि स्टुअर्ड. ते काम कमी दर्जाचं अजिबात नाही, समुद्र खवळल्यावर शंभर माणसांचं जेवण करून दाखवा म्हणावं, पण ज्याला पुढं शिकता येतंय त्यानं दहावीवर थांबू नये असं मला वाटतं. इथनं पुढं जीडी आणि यांत्रिक एवढंच.

पगाराचं एका ओळीत. सातव्या वेतन आयोगात जीडीचं बेसिक 21,700 आणि यांत्रिकचं 29,200, वर 6,200 यांत्रिक पे, शिवाय दोघांनाही डीए आणि बाकीचे भत्ते. हा आकडा बघून निम्मे लोक इथंच वाचायचं थांबवतील, थांबवू देत. पण खरं सांगतो, मी यांत्रिक झालो तो पगार बघून नाही.

माझ्याकडं दोन्ही होतं. आधी पीयूसी सायन्स केलं, मार्क यथातथाच, मग मेकॅनिकल डिप्लोमा, त्यामुळं तीन वर्षं जास्त गेली आणि फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा वयाची बावीस, म्हणजे भरतीची मर्यादा, संपायला थोडेच महिने उरले होते. म्हणजे एकच संधी, ती नेमकी साधायची. अभ्यासाच्या दृष्टीनं जीडी सोपं की यांत्रिक सोपं हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. जीडीला पीयूसीचं मॅथ्स-फिजिक्स येतं आणि बसणारी पोरं भरपूर, यांत्रिकला आपला डिप्लोमाचा विषय येतो आणि गर्दी त्या मानानं कमी. मला थर्मल आणि हायड्रॉलिक्स इंटिग्रेशनपेक्षा बरं जमायचं, एवढाच माझा अनुभव.

माझा मामेभाऊ माझ्याआधी तीन वर्षं जीडीत लागला होता, वास्कोला जहाजावर. त्या वर्षी गणपतीला सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला विचारलं, दादा तू नेमकं करतोस काय तिथं? तो हसायला लागला. म्हणाला, सकाळी डेक घासतो, मग गंज खरवडून रंग लावतो, जहाज धक्क्याला लागताना दोर ओढतो, संध्याकाळी गँगवेवर (जहाजात चढायच्या शिडीपाशी) पहाऱ्याला उभा, रात्री लुकआउट, म्हणजे समुद्रावर नजर, आणि मधे कुणी हाक मारली की तिकडं. अरे जनरल ड्युटी म्हणजे जनरल!

तो गमतीनं सांगत होता पण माझ्या पोटात गोळा आला. त्याचं कारण समुद्राशी नव्हतं, उद्यमबागशी, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीशी होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी तिथं एका फाउंड्रीला लागून असलेल्या मशीन शॉपमध्ये दोन महिने हेल्पर होतो. त्या दोन महिन्यांत मला माझ्या नावानं कुणी हाक मारली नाही. ए हेल्पर, चहा आण. ए हेल्पर, बर उचल (बर म्हणजे लेथवरनं निघतो तो धातूचा किस, हाताला असा कापतो की संध्याकाळी जेवताना मीठ लागलं की कळतंय). लेथवाला लेथ सोडून हलायचा नाही, वेल्डर वेल्डिंग सोडून हलायचा नाही, आणि जे काम कुणाचंच नाही ते हेल्परचं. घरीही तीच गत, एकत्र कुटुंबात मी सगळ्यात बारका, म्हैस बांध म्हटलं की मी, मोटर चालू कर म्हटलं की मी, मोटर बंद कर म्हटलं तरी मीच. तर मामेभाऊ ‘जनरल’ म्हणाला आणि मला ‘हेल्पर’ ऐकू आलं. यांत्रिकचा फॉर्म भरला. निर्णय एवढ्यावर झाला, बाकी हिशोब मी नंतर जुळवलेत.

आता मी त्याच्यावर अन्याय केला का, तर होय की, थोडा केला. जीडी म्हणजे कायम हेल्पर नाही. आयएनएस चिलकाला, ओडिशात, बेसिक ट्रेनिंग आम्हा दोघांचं सारखंच, तिथला उकाडा आणि डास यांत्रिक-जीडी बघत नाहीत. त्यानंतर जीडीवाल्यांनाही ट्रेड मिळतो, कुणाला रडार, कुणाला रेडिओ, कुणाला तोफा, कुणाला इंजिनरूममधलंच काम. माझ्या मामेभावाला पुढं रेडिओ मिळाला आणि त्यात तो असा तयार झाला की खरखरीतनं निम्मा शब्द ऐकून कुठली बोट बोलतेय ते सांगायचा. फक्त तो ट्रेड आपल्याला हवा तोच मिळेल असं नाही, खात्याची गरज असेल तसं. यांत्रिकात निदान मेकॅनिकलवाला मेकॅनिकललाच जातो. मला पुढचं ट्रेनिंग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीला झालं, इलेक्ट्रिकलची पोरं जामनगरला वालसुराला गेली. लोणावळ्यात स्टेशनबाहेर मराठीत भांडून रिक्षा ठरवली तेव्हा चिलकाचे सगळे महिने भरून पावले असं वाटलं.

आणि यांत्रिक झालो म्हणून हेल्परपण चुकलं असंही नाही बरं का. पहिल्या जहाजावर पहिलं काम दिलं ते बिल्ज साफ करायचं. बिल्ज म्हणजे इंजिनच्या खालचा जहाजाचा तळ, तिथं तेल, पाणी, काजळी सगळं उतरतं, त्यात आडवं होऊन शिरायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कॉटन वेस्ट, आणि जहाज डुलतंय. डिप्लोमा फर्स्ट क्लास! पण फरक मला त्याच आठवड्यात कळला. ते बिल्ज माझ्या इंजिनचं होतं. दर तासाला लॉग भरायचा, प्रेशर किती, टेम्परेचर किती, आणि गेजवर विश्वास ठेवायच्या आधी पंपाला हाताची पालथी बाजू लावून बघायची (तळवा लावला आणि चटका बसला तर दोन दिवस पाना धरता येत नाही, हे माझ्या वरच्या प्रधान यांत्रिकानं शिकवलं). दोन महिन्यांत जनरेटरचा आवाज जरा बदलला तरी झोपेतनं जाग यायला लागली. मग तिथं कुणी ए हेल्पर म्हणत नाही, विचारतात, काय म्हणतोय तुझा नंबर दोन?

यांत्रिकचं वाईटही सांगतो, नाहीतर भाचा म्हणेल मामानं लपवलं. एक म्हणजे उकाडा आणि डिझेलचा वास. तो वास अंघोळीनं जात नाही, सुट्टीवर आलो की आई माझे कपडे वेगळे भिजवायची. कानावर मफ्स असतातच, तरी वीस वर्षांनी मी टीव्हीचा आवाज घरच्यांपेक्षा चार घरं वर ठेवतो, ते इंजिनमुळं की वयामुळं डॉक्टरच जाणे.

दुसरं म्हणजे बस. जहाज धक्क्याला लागलं की डेकवरची पोरं दोर बांधतात, आवरतात, आणि ज्यांची ड्युटी नाही ती लिबर्टीला बाहेर पडतात. इंजिनवाल्यांचं काम तेव्हा कुठं संपायला लागतं. मशिनरी बंद करा, निववा, किनाऱ्याची लाइट जोडून घ्या, लॉग पुरा करा. सुटायच्या दिवशीही तसंच, बाकीचे येतात त्याच्या कितीतरी आधी आम्ही खाली. वास्कोहून पणजी, पणजीहून चोर्ला घाटानं बेळगाव, हा माझा रस्ता, आणि पणजीची शेवटची गाडी मी किती वेळा चुकवली त्याचा हिशोब नाही. एका दिवाळीला मी आणि एक जीडीचा खानापूरचा पोरगा एकाच जहाजावर, दोघांना एकाच दिवशी रजा. तो नरकचतुर्दशीच्या पहाटे घरी उटणं लावून बसला होता, मी पणजी स्टँडवर बाकावर. तो अजून भेटला की विचारतो, काय इंजिनसाहेब, गाडी मिळाली काय?

तिसरं थोडं अवघड आहे सांगायला. यांत्रिकला समुद्र दिसत नाही. इंजिनरूमला खिडकी नसते. एका पावसाळ्याच्या तोंडावर मासेमारीची बोट उलटली म्हणून आम्ही गेलो होतो. मला खाली काय कळलं? इंजिन स्लो. स्टॉप. थोडं अस्टर्न, म्हणजे मागं. परत स्टॉप. बराच वेळ असंच, वरनं ऑर्डर येतेय आणि आम्ही हात लिव्हरवर ठेवून एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय. वॉच (पाळी) संपवून वर आलो तर मेसमध्ये चार माणसं ब्लँकेट गुंडाळून चहा पीत बसलेली, आणि त्यांना पाण्यातनं ओढून काढलेला आमचा जीडीचा पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा, त्याचे हात दोराने सोललेले, आणि चेहरा असा की आत्ताच लग्न ठरलंय. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. जुलै 2024 ला कारवारसमोर मर्स्क फ्रँकफर्ट या कंटेनर जहाजाला आग लागली आणि कोस्ट गार्डची जहाजं कितीतरी दिवस पाणी मारत होती, ते फोटो तुम्ही बघितले असतील. मी ते बघताना आधी पंपाचा विचार करतो, खाली कोण असेल, किती तास सलग चालवत असेल. फोटोत तो नसतोच.

तर ज्याला वारा लागतोय, बोटीत उडी मारायचीय, लोकांशी बोलायला आवडतंय, त्यानं जीडीला जायला माझी काहीच हरकत नाही, आणि प्रमोशन म्हणाल तर जीडीवाला प्रधान अधिकारीपर्यंत जातो, आम्ही प्रधान सहाय्यक इंजिनिअरपर्यंत, वरची पायरी जवळपास सारखीच.

पण दहावीच्या पोराचा बाप समोर बसला की मला आणखी एक गोष्ट दिसते. भरतीत सगळे लागत नाहीत. मेडिकलला दात, डोळे, रंग ओळखणं, कशातही अडकतं. बावीस उलटली आणि नाही जमलं तर हातात नुसती पीयूसी असलेला पोरगा आणि डिप्लोमा असलेला पोरगा यांत फरक पडतो की नाही? डिप्लोमावाल्याला उद्यमबाग आहे, मच्छे आहे, साखर कारखाने आहेत, पलीकडं कोल्हापूरची एमआयडीसी आहे. मी वीस वर्षं करून बाहेर पडलो तेव्हा जनरेटर आणि कॉम्प्रेसरच्या मेंटेनन्सचं काम मला शोधावं लागलं नाही, तेच शोधत आलं. मामेभाऊ रेडिओत माझ्यापेक्षा हुशार, पण इकडं बेळगुंदीकडं खरखरीतला शब्द ओळखायचे पैसे कोण देतंय. तो काजूची बाग बघतोय, मजेत आहे, आणि माझ्यापेक्षा बारीकही.

डिप्लोमा कुठं करायचा तर बेळगावात करा नाहीतर गडहिंग्लज-कोल्हापूरला. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतंय त्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात प्रवेशासाठी सीमाभागाचा दाखला चालतो, तो आधी काढून ठेवा, ऐनवेळी तलाठी सापडत नाही. कॉलेज एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता असलेलं बघा, नाहीतर यांत्रिकच्या फॉर्मला उपयोग नाही. आणि नावाचं बघा बाबांनो. आपल्या एसएसएलसीच्या मार्क्स कार्डवर कन्नड पद्धतीनं नावापुढं इनिशियल, आधारवर बापाचं पूर्ण नाव, डिप्लोमाला तिसरंच स्पेलिंग. माझं व्हेरिफिकेशनला तिथल्या साहेबानं तीन कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, यातला तू कोण? अ‍ॅफिडेव्हिट करायला एक दिवस दिला, तो एक दिवस मी विसरलो नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मामा, इंजिनरूममध्ये मोबाईलला रेंज येते का? सध्या पीयूसीचा आणि पॉलिटेक्निकचा असे दोन्ही फॉर्म आणून त्यानं टीव्हीच्या मागं ठेवलेत. माझी बहीण म्हणते पॉलिटेक्निकचा वर आहे.