पिकअपचे पाटे बदलताय? आधी रंग खरवडून बघा

नवे पॅराबोलिक पाटे (पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणारे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) म्हणून जळगावजवळ हायवेवरच्या एका कमानपाटेवाल्याने मला माझेच जुने पाटे रंगवून विकले. सेट 24,500, मजुरी 1,800, जुन्या पाट्यांचे भंगारात 2,600 वजा. गेले 23,700. त्यातले 10,000 आधी फोनपेने, बाकी 13,700 रोख, का तर "रोखीत जीएसटी वाचेल भाऊ". रोख मागितली की तिथूनच परत फिरा.

माझी गाडी रावेर-सावद्याची केळी वाहते. माल कमी असला की मागून इतकी आपटते की केळी काळी पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणून पॅराबोलिक. वस्तू चांगलीच आहे. पाटे मोजके, प्रत्येक पाटा मधे जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेला, दोन पाट्यांत फट, त्यामुळे घासणं कमी आणि रिकामी गाडीही मऊ.

सकाळी लावलेली गाडी दिवेलागणीला घेतली. वाकून पाट्याला हात लावला, तर बोटाला काळा रंग आला. ओला! कारखान्यातून आलेल्या मालाला ओला रंग कसा असेल? त्या क्षणी कॉलर धरायला हवी होती. विचारलं, तर म्हणे, "गंज धरू नये म्हणून एक हात मारला." कोणीही मानलं असतं, कारण गाडी खरोखर मऊ चालत होती. चालणारच ना! जास्तीचे पाटे काढून तीनच ठेवले की कोणतीही गाडी मऊ चालते. भट्टीत तापवून, घण मारून कमान दिलेली, पाणी (तापलेलं पोलाद एकदम थंड करून कडक करणं) धड दिलेलं नाही. भरल्या मालाने गाडी मागून बसली आणि यावलच्या अलीकडे पाटा तुटला. रंग उडाला तिथे क्लिपची वाकडी रिबिट दिसली. ती मीच पूर्वी समोर उभं राहून ठोकून घेतली होती.

फटीतून बॅटरी मारा, उजेड आरपार दिसला पाहिजे. जुने पाटे डोळ्यांसमोर गाडीत टाकून घ्या.

पोलिसांत गेलो. "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." रिबिट दाखवली, तर साहेबांनी मान वर केली नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर पक्कं बिल मागतात. अहो, पक्कं बिल देणारा फसवेल कशाला? एका कारकुनाने तर गाडीची पिवळी नंबरपाटी बघून सांगितलं, तुम्ही ग्राहकच नाही, धंदेवाले. साफ खोटं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला 2019 चा ग्राहक कायदा लागू होतो. मी स्वतः स्टिअरिंगवर बसतो, मग मी कोण? खिडकीवर बसणाऱ्यांना एवढंही वाचायला नको?

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. फोनपेची नोंद, कच्ची पावती आणि तुटलेला पाटा, तिन्ही जपा. माझ्याकडे भंगारवाला दोनदा येऊन गेला, दिला नाही.