माती परीक्षण आणि भूकंपरोधक डिझाइन सेवा, कोल्हापूर: अहवाल चोख, साइटवर ढिलाई

आयएस 1893:2016 या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय मानकानुसार कोल्हापूर भूकंप झोन 3 मध्ये, कोयना परिसर झोन 4 मध्ये (आकडा मोठा तितका धोका जास्त). 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप डोणीचावाडा प्रस्तरभंगाशी जोडला जातो. म्हणून घर बांधताना ही सेवा घ्यावीच.

माती परीक्षण उत्तम. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत एसपीटी (ठोक्यांवरून मातीची घट्टता मोजणारी चाचणी) नियमाने घेतात: 63.5 किलोचा हातोडा 75 सेंमीवरून सोडतात, नळी 45 सेंमी उतरेपर्यंत ठोके मोजतात. पहिल्या 15 सेंमीचे धरत नाहीत, कारण बोअरच्या (चाचणीसाठी पाडलेल्या भोकाच्या) तळाची माती विस्कटलेली असते. दर टप्प्याची नोंद वेगळी मिळते, हे खरंच कौतुकास्पद.

सळईकामाची तपासणी मात्र वरवरची. कॉलमच्या रिंगांचे (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांचे) हुक 90 अंशांत असूनही पास केले! हुक 135 अंशांतच हवा, पुढचं टोक रिंगच्या सळईच्या व्यासाच्या 6 पट, किमान 65 मिमी. नाहीतर हादऱ्यात कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) फुटलं की रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. खाली मोकळं पार्किंग असेल तर धोका आणखी वाढतो, तिथे भिंतींचा आधार नसतो.

म्हणून काँक्रीट ओतण्याआधी सळईकाम तपासायची व्हिजिट करारात लेखी घालून घ्या.