सिंगापूर ते न्यूयॉर्क: थेट जावं की फ्रँकफर्टमार्गे?

सिंगापूरच्या चांगी विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंतचं सर्वात जवळचं हवाई अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आहे. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर आधी साधारण १०,३०० आणि पुढे ६,२००, म्हणजे एकूण १६,५००. फरक जेमतेम साडेअकराशे किलोमीटरचा. विमान ताशी ९०० च्या आसपास उडतं, म्हणजे हिशेबाने सव्वा तास जास्त लागावा. वेळापत्रकात मात्र थेट विमानाला पावणेएकोणीस तासांच्या आसपास आणि फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्याला जवळपास चोवीस तास लागतात.

मधले तास जातात कुठे? दोनेक तास तर फ्रँकफर्टच्या थांब्यातच. हातातलं सामान घेऊन उतरायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा रांग. त्यात एक जादा उड्डाण आणि एक जादा उतरणं. उरलेला हिशेब वाऱ्याचा. नकाशावरची सर्वात जवळची रेषा उत्तर ध्रुवाजवळून जाते, पण थेट विमान बहुधा ती धरत नाही. ते पूर्वेकडे वळून पॅसिफिक ओलांडतं, कारण तिथे उंचावरचा वेगवान वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, पाठीमागून ढकलतो. किलोमीटर वाढतात, तास कमी होतात. फ्रँकफर्टवालं विमान दोन्ही टप्प्यांत पश्चिमेकडे जातं आणि हाच वारा त्याला बऱ्याचदा समोरून लागतो. त्यामुळे दोन शहरांमधलं अंतर वेगाने भागून तास सांगणारी कॅल्क्युलेटर इतक्या लांबच्या प्रवासात फारशी कामाची नाहीत. तिकिटावरची निघण्याची आणि पोचण्याची वेळ घ्या, बारा-तेरा तासांचा घड्याळाचा फरक धरा, मग खरा आकडा कळतो.

पैशांचा प्रश्न आसनांपासून सुरू होतो. सिंगापूर एअरलाइन्सचं थेट विमान एअरबस ए३५०-९०० यूएलआर (अल्ट्रा लाँग रेंज, म्हणजे खूप लांब पल्ल्याचं). जादा इंधनासाठी बदल केलेल्या या विमानात फक्त १६१ जागा आहेत: ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. म्हणजे वाचलेल्या पाच तासांची किंमत तिकिटातच आली. खिशाला साधी इकॉनॉमीच परवडत असेल, तर निवड करायचा प्रश्नच उरत नाही, फ्रँकफर्ट.

परवडत असेल तर माझं मत थेट विमानाकडे झुकतं, विशेषतः सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर. अर्धवट झोपेत मुलाला उचलून तपासणीच्या रांगेत उभं राहणं हा थांब्यातला सर्वात वाईट भाग. पण पाठीचा किंवा पायांना सूज येण्याचा त्रास असलेल्यांनी उलट विचार करावा. एकोणीस तास त्याच केबिनमध्ये कितीही फेऱ्या मारल्या तरी तेरा तासांनंतर जमिनीवर मोकळं चालायला मिळणं वेगळंच. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असेल तर दोन्हींपैकी काहीही घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

फ्रँकफर्ट ठरवलंत तर जर्मनीच्या एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसाचा नियम पाहून घ्या. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर त्यातून सूट आहे. शक्यतो संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा पोचलं तरी पुढची सोय करणं कंपनीकडे राहतं.